नवजात बाळाच्या अंगावरची गाठ: घाई कधी करायची आणि कधी नाही

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या आईबाबांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. मुलगी १९ दिवसांची, पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, दूध नीट पितेय. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला जन्मतःच जांभळट गाठ, ४ सेंटीमीटरच्या आसपास, वर बारीक लाल शिरांचं जाळं, भोवती पांढुरकं कडं, हाताला कोमट लागते. एका डॉक्टरांनी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची सौम्य गाठ) सांगून प्रोप्रॅनोलॉल हे औषध लिहून दिलं, दुसरे म्हणाले लगेच काढून टाका, सोनोग्राफीवाल्यांनी रिपोर्टमध्ये 'रक्तवाहिन्यांची गाठ, बायॉप्सी करून घ्यावी' (म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासावा) असं टाकलं आणि घरात ग्रहणाचा विषय निघालाय. रात्री दोन वाजता तुम्ही 'नवजात बाळ दुर्मिळ ट्यूमर' शोधलंत आणि झोप गेली. तुमचा प्रश्न, हा कॅन्सर आहे का आणि या तिघांपैकी ऐकायचं कोणाचं.

सरळच सांगते. फोटो आणि वर्णनावरून पक्कं निदान कोणी करू नये, मीही करणार नाही, पण हे चित्र इतकं ओळखीचं आहे की माझा पहिला अंदाज जन्मजात हिमँजिओमाचा, त्यातही आपोआप झपाट्याने विरून जाणाऱ्या प्रकाराचा, ज्याला आम्ही डॉक्टर आपसात 'रिच' म्हणतो. तो कॅन्सर नाही. आणि प्रोप्रॅनोलॉलची बाटली अजून उघडली नसेल तर उघडायच्या आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा की गाठ जन्मतःच पूर्ण वाढलेली होती, मग हे औषध हिच्यावर चालेल का. चांगले डॉक्टर असतील तर रागावणार नाहीत, परत एकदा गाठीकडे बघतील.

अशा बाळांच्या बाबतीत माझी सवय अशी की गाठीचं नाव शोधायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते, जन्मली तेव्हा गाठ किती होती, आज किती आहे, आणि बोटाने दाबल्यावर कशी लागते. बाकी सगळं नंतर. हल्ली एक बरं झालंय, जन्माच्या दिवसाचा फोटो कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये असतोच, आत्याने पहिल्या तासातच फॅमिली ग्रुपवर टाकलेला असतो, आणि तो फोटो मला कित्येकदा महागड्या एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातो. तुमच्याकडेही असेल, शोधून ठेवा. आजपासून दर आठवड्याला त्याच उजेडात, गाठीशेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढा, तारीख दिसेल असा. पट्टी नको वाटली तर एक रुपयाचं नाणं चालेल, पण दर वेळी तेच नाणं.

आता गोंधळ कुठे होतो ते. हिमँजिओमा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतो तो नेहमीचा, लाल, उठावदार. तो काही दुर्मिळ नाही, शंभरात चारपाच बाळांना होतो, मुलींना जास्त, कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त. पण जन्मतः तो जवळजवळ नसतोच, असला तर फिकट डाग किंवा खरचटल्यासारखी लाली, मग पहिल्या काही आठवड्यांत डोकं वर काढतो, पाचव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात जोरात वाढतो, तीन महिने होईस्तोवर बहुतेक वाढ उरकलेली असते आणि पुढे काही वर्षं घेत हळूहळू ओसरतो. जन्मजात हिमँजिओमाचं गणित उलटं आहे. त्याची सगळी वाढ पोटातच झालेली असते, कधीकधी गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच दिसलेली असते, आणि बाळ बाहेर येतं तेव्हा गाठ तिच्या सगळ्यात मोठ्या आकाराची असते. तिथून पुढे ती एक तर विरते (साधारण सहा ते चौदा महिन्यांत), किंवा मुळीच विरत नाही आणि मुलाच्या वाढीबरोबर त्याच प्रमाणात मोठी होत राहते, किंवा अर्धी विरून मधेच थांबते. कुठली कुठे जाणार हे पहिल्या महिन्यात छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, मात्र पहिल्या तीनचार आठवड्यांतच चपटी व्हायला लागली, मध्ये खळगा पडायला लागला, रंग जांभळ्याचा राखाडी व्हायला लागला तर आम्ही मनातल्या मनात खूश होतो.

सूक्ष्मदर्शकाखालीही हे दोघे वेगळे दिसतात. नेहमीच्या हिमँजिओमाच्या पेशींवर ग्लूट-वन नावाचं प्रथिन सापडतं, २००० साली हे लक्षात आलं, आणि गंमत म्हणजे तेच प्रथिन वारेच्या रक्तवाहिन्यांवरही असतं. जन्मजात प्रकारात ते नसतं. त्याऐवजी त्यात जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांमधला एक बदल मिळतो, आणि हा बदल फक्त त्या गाठीतल्या पेशींमध्ये असतो, बाळाच्या बाकी अंगात नाही, आईत नाही, बाबांत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण तुमच्या मेसेजमध्ये 'तिच्या आईने सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली होती' हे वाक्य आहे, आणि ती बिचारी १९ दिवसांची बाळंतीण हे दिवसातून चार वेळा ऐकत असणार. गर्भ वाढत असताना एका पेशीत झालेला अपघात आहे हा, आणि तो ग्रहण, सुरी, पपई, प्रवास, मोबाईल, कशानेही होत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना पुढच्या व्हिजिटला सोबत आणा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

प्रोप्रॅनोलॉलबद्दल. हे वाईट औषध नाही, नेहमीच्या हिमँजिओमासाठी तर क्रांतीच झाली त्याने. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांना हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिलेल्या एका बाळाच्या नाकावरचा हिमँजिओमा फिका पडताना दिसला, त्यांनी ते छापलं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. त्याच्या आधी आम्ही महिनोनमहिने स्टिरॉइड द्यायचो, फुगलेल्या गालांची, किरकिरणारी, उंची खुंटलेली बाळं घेऊन आया यायच्या, ते दिवस परत नकोत. पण जन्मजात प्रकारावर या औषधाचा काही उपयोग होत नाही, आणि पोट रिकामं असताना दिलं तर बाळाची साखर खाली जाऊ शकते, आणि एरवीही नाडी मंदावू शकते, श्वासनळ्या आवळू शकतात. म्हणजे फायदा शून्य आणि जोखीम पूर्ण. (ज्यांच्या बाळांना ते योग्य कारणासाठी चालू आहे त्यांनी हे वाचून बंद करू नका. फक्त दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्या, आणि बाळ उलट्या करत असेल, दूध घेत नसेल तर तेवढा डोस गाळून डॉक्टरांना फोन करा.)

आणि आणखी एक गंमत होते. जन्मजात गाठीला औषध सुरू केलं, ती स्वतःच्या वेळेप्रमाणे विरली, की घरचे म्हणतात औषधाने गेली, डॉक्टरही म्हणतात औषधाने गेली, आणि शेजारच्या गल्लीतल्या पुढच्या बाळाला तेच मिळतं. लेपाचं, अंगाऱ्याचं, होमिओपॅथीच्या गोळ्यांचंही तसंच. आपोआप जाणाऱ्या गाठींनी जितक्या लोकांना यश मिळवून दिलंय तितकं कुठल्या औषधाने दिलं नसेल.

आता घाईची बाजू, कारण 'आपोआप जाईल' हे वाक्यही धोकादायक आहे, ते बोलायच्या आधी दोन गोष्टी नाहीत ना याची खात्री करावी लागते.

पहिली, कापोसीफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा. नाव भयंकर आहे, पाठ करू नका. ही पण रक्तवाहिन्यांची गाठ, शरीरभर पसरणारी नाही, पण हिची एक खोड अशी की ती रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) स्वतःमध्ये अडकवून ठेवते. गाठ अचानक फुगते, ताणली जाते, कडक आणि गरम होते, मारल्यावर पडतो तसा काळानिळा रंग पसरायला लागतो, आणि बाळाच्या अंगावर दुसरीकडेही बारीक लाल ठिपके उमटतात. याला कासाबाख-मेरिट म्हणतात, १९४० साली ज्या दोघांनी अशा एका बाळाबद्दल पहिल्यांदा लिहिलं त्यांच्या नावावरून. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांत असंच छापलं जायचं की कुठल्याही मोठ्या हिमँजिओमात हे होऊ शकतं, आणि त्यामुळे हिमँजिओमा असलेल्या बाळांचे आईबाप उगाच धास्तावलेले असायचे. १९९७ मध्ये स्पष्ट झालं की नेहमीच्या हिमँजिओमात हे होतच नाही, ते या गाठीत आणि हिच्याच चुलत भावंडात, टफ्टेड अँजिओमात होतं. आता त्यावर सिरोलिमस नावाचं औषध चांगलं चालतं, पूर्वी व्हिनक्रिस्टीन आणि स्टिरॉइड एवढंच हातात होतं. एक गोष्ट मात्र छोट्या गावातल्या डॉक्टर मित्रांनीही लक्षात ठेवावी अशी. प्लेटलेटचा आकडा खाली दिसला म्हणून लगेच प्लेटलेट चढवू नका, रक्तस्राव होत नसेल किंवा ऑपरेशनला न्यायचं नसेल तर नकोच, चढवलेल्या प्लेटलेट गाठीतच जाऊन अडकतात आणि गाठ अजून फुगते.

तुमच्या मुलीची गाठ तशी वाटत नाही, तरी एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी तपासणी, करून घ्या, त्यात प्लेटलेटचा आकडा बघा. रिचमध्येही पहिल्या आठवड्यात दोन आठवड्यांत प्लेटलेट थोड्या कमी दिसू शकतात आणि आपल्या आपण वर येतात. तेवढ्यावरून कोणी घाबरवलं तर घाबरू नका, पण आकडा सारखा खाली जात असेल तर मात्र तो वेगळा विषय.

दुसरी, इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा. ही सौम्य नाही, ही खरी कॅन्सरची, आणि हातापायावर जन्मतःच जांभळट, चकचकीत, शिरा दिसणारी गाठ म्हणून येते, म्हणजे हिमँजिओमाचं सोंग घेऊन. ही अगदी दुर्मिळ. फरक काय, तर ती दगडासारखी कडक असते, खालच्या स्नायूला घट्ट चिकटलेली, आणि आठवड्या-आठवड्याला वाढते. रिच जन्मानंतर वाढत नाही. म्हणून मी पट्टीवाल्या फोटोच्या इतकी मागे लागते. जन्मजात गाठ जन्मानंतर वाढायला लागली की बायॉप्सी, चर्चा नाही. आणि झालीच ती तरी बाकीच्या कॅन्सरच्या मानाने हिचं भविष्य चांगलं असतं, बहुतेकींमध्ये एनटीआरके३ नावाच्या जनुकाची जोडाजोड सापडते आणि नेमकं त्यावरच चालणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय.

म्हणजे बायॉप्सीचा प्रश्न असा सुटतो. डॉप्लर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) लहान मुलांची सवय असलेल्या माणसाकडून परत एकदा करून घ्या, त्यांना सांगा की रक्ताचा वेग किती, शिरा किती, गाठीला सीमा आहे का, खाली स्नायूत शिरलीय का, हे लिहा. सगळं रिचसारखं आलं, गाठ वाढत नाही, प्लेटलेट ठीक, तर बायॉप्सी नको. यातलं एक जरी जुळलं नाही तरी हवी, आणि ती मुलांच्या सर्जनकडे, जिथे रक्तस्राव झाला तर सांभाळता येईल तिथे. 'सुई लावली की गाठ पसरते' ही भीती मात्र डोक्यातून काढा, सौम्य गाठ सुईने पसरत नाही आणि वाईट गाठ सुई न लावल्याने थांबत नाही. बायॉप्सी नको म्हणतेय ती रक्तवाहिन्यांची गाठ उगाच रक्तबंबाळ होऊ नये म्हणून.

ज्यांनी 'लगेच काढून टाका' म्हटलं त्यांच्याशी मी सहमत नाही. वर्षभरात स्वतः जाऊ शकणारी गाठ १९ दिवसांच्या बाळाला भूल देऊन काढायची, मांडीवर मोठा व्रण ठेवायचा, मधे रक्त जाणार ते वेगळंच. नवजात बाळाची भूल हा मुलांच्या भूलतज्ज्ञाचा प्रांत आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांब भूल देण्याबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. एकदाच दिलेल्या छोट्या भुलीने काही बिघडत नाही, गरज असेल तर बिनधास्त द्यावी. इथे गरज नाही एवढंच. गाठ विरल्यावर त्या जागेची कातडी पातळ, सैल राहू शकते, खालची चरबी कमी होऊन खळगा राहतो, एखादी ठळक शीर दिसते. ते दुरुस्त करायचं तर शाळेत जायच्या वयाच्या आसपास बघता येतं. खूप मुलांना करावंही लागत नाही.

आता तुमच्या बाळाचं सोडून थोडं इतर, कारण खाली प्रतिक्रियांमध्ये तीनचार जणांनी आपापल्या बाळांबद्दल विचारलंय.

एका आजींनी लिहिलंय की नातवाच्या पाठीवर पिवळसर तपकिरी चट्टा आहे, एरवी काही नसतं पण मालिशवाली मावशी येऊन गेली की तो लाल होऊन टम्म फुगतो, एकदा त्यावर पाण्याचा फोडही आला, आणि मावशींच्या हाताला दोष म्हणून दोन मावश्या बदलून झाल्या. मावश्यांचा काही दोष नाही हो. हा बहुधा मास्टोसायटोमा. ॲलर्जीच्या वेळी जे रसायन सुटतं ते साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींचा हा पुंजका, चोळलं की त्या पेशी रिकाम्या होतात आणि पाचदहा मिनिटांत गांधी उठते. आम्हीसुद्धा निदानासाठी हेच करतो, हलकंसं घासून बघतो, फक्त आम्ही एकदाच घासतो आणि आपल्याकडे बाळाला रोज अर्धा तास तेल रगडून, वर डाळीचं पीठ लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, वर शेक देऊन म्हणजे त्या पेशींना चिडवायचे जेवढे मार्ग आहेत तेवढे सकाळी नऊच्या आत पार पाडतात. मालिश बंद करायची गरज नाही. चट्ट्याच्या भोवती करा, चट्ट्यावर नको. पाणी कोमट. टॉवेलने टिपा, पुसू नका. शेक-शेगडी राहू द्या. खाज असेल तर ॲलर्जीचं औषध डॉक्टर देतील. एकच चट्टा असेल तर वयात येईपर्यंत बहुतेकांचा जातो. असे चट्टे अंगभर असतील, किंवा फुगल्यावर बाळाचा चेहरा लालबुंद होऊन बाळ मलूल पडत असेल, तर दवाखाना गाठा. आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आठवणीने सांगा, काही औषधांनी या पेशी भडकतात.

दुसऱ्या एकांचं, डोक्यावर नारिंगी-पिवळ्या रंगाची टणक पुटकुळी. ती ज्युवेनाइल झँथोग्रॅन्युलोमा असू शकते, १९०५ पासून माहीत आहे, काही वर्षांत आपली आपण सपाट होते. पिवळा रंग बघून बाळाचं कोलेस्टेरॉल तपासायला पाठवतात काही जण, त्याचा इथे संबंध नाही. एकच असेल तर मी फक्त बघत राहते. पण बऱ्याच असतील आणि मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, हीच गाठ क्वचित डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर होते आणि आत रक्त उतरून डोळ्याचा दाब वाढू शकतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग सोबत असतील तर तेही डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

मायोफायब्रोमाबद्दल विचारलंय त्यांना थोडं जास्त सांगायला हवं. कातडीत किंवा कातडीखाली रबरासारखी घट्ट, त्वचेच्या रंगाची किंवा जांभळट गाठ, निम्म्याच्या आसपास मुलांना जन्मतःच, बाकीच्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आत. एकटी असेल तर काळजी नाही, वर्षादोनवर्षांत पुष्कळदा विरते. कातडीवर आणि हाडांत अशा अनेक असल्या तरी भविष्य चांगलंच. खरी भीती आतल्या अवयवांची, फुप्फुस, आतडं, हृदय, तिथे असल्या तर जिवावर बेतू शकतं. म्हणून एका गाठीचा रिपोर्ट मायोफायब्रोमा आला की तिथेच समाधान मानायचं नाही, पूर्ण अंगाची तपासणी करायची, त्यात सोनोग्राफी, एक्स-रे, शक्य तिथे पूर्ण शरीराचा एमआरआय. काही घरांत हा पिढीजात येतो, पीडीजीएफआरबी जनुकातला बदल २०१३ मध्ये सापडला, तेव्हा लहानपणी तुम्हाला किंवा तुमच्या भावंडांना अशा गाठी होत्या का हे आजीला विचारून या.

बोटांवरच्या गुलाबी टणक गाठींचंही एक प्रकरण आहे, हाताच्या किंवा पायाच्या बोटाच्या बाजूला येते, अंगठा नेमका सोडून. हिच्यावर १९६५ मध्ये सिडनीच्या राय नावाच्या पॅथॉलॉजिस्टनी लिहिलं, तेच राय ज्यांच्या नावाचा तो ॲस्पिरिनशी जोडला गेलेला मुलांचा मेंदू-यकृताचा आजार आहे. एकाच माणसाने इतक्या दोन टोकांच्या गोष्टी ओळखल्या याचं मला अजून नवल वाटतं. ही गाठ कापली की बऱ्याचदा परत येते, न कापता ठेवली तर काही वर्षांत जाते, त्यामुळे बोट वाकडं होत नसेल, सांधा अडत नसेल तर हात लावू नका.

हिरडीवरची गाठ वेगळी. बाळ जन्माला येतं आणि तोंडातून गुलाबी गोळा बाहेर लोंबतोय, वरच्या पुढच्या हिरडीला देठाने चिकटलेला, हे दृश्य पाहून प्रसूतीच्या खोलीतले सगळे गार पडतात. बहुतेक मुलीच असतात. १८७१ साली नॉयमान यांनी नोंदवलेली ही गाठ जन्मानंतर वाढत नाही. लहान असेल, दूध पिता येत असेल तर थांबून चालतं, पण तोंड मिटत नसेल, श्वास अडत असेल तर काढायची, आणि एकदा काढली की परत येत नाही. इथे मी सर्जनच्या बाजूची.

आणि मध्यरेषा. हे सगळ्यांसाठी. नाकाच्या मुळाशी, टाळूवर, डोक्याच्या मागे बरोबर मधोमध, किंवा पाठीच्या कण्यावर गाठ, खळगा, केसांचा झुपका असेल तर तिला कोणीही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी, आधी एमआरआय केल्याशिवाय सुई लावायची नाही. आत मेंदूशी किंवा मज्जारज्जूशी धागा जुळलेला असू शकतो. बाळ रडलं की गाठ फुगते, किंवा डोक्यावरच्या गाठीभोवती काळ्याभोर लांब केसांचं कडं आहे, तर संशय अजून पक्का. अशा गाठीला घरी केस बांधणं, दोरा आवळणं, चामखिळीला करतात तसं, हे तर अजिबात नाही. बिब्बाही नाही. बिब्ब्याने मोठ्या माणसाची कातडी जळते, बाळाची काय कथा, आणि जळलेल्या कातडीखाली मूळ गाठ काय होती ते मग आम्हालाही कळत नाही.

परत तुमच्या मुलीकडे. गाठीवर काही लावू नका, कोरडी पडली तर साधं व्हॅसलिन. डायपरचा इलास्टिक किंवा लंगोटाची गाठ त्यावर घासणार नाही असं बघा, बाळाची नखं कापलेली ठेवा. मध्ये खपली धरून जखम होऊ शकते, रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उघडता दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघितलं की थांबत नाही. दहा मिनिटांनीही थांबलं नाही, गाठ एकदोन दिवसांत फुगून कडक झाली, अंगावर लाल ठिपके आले, दूध पिताना धाप लागून घाम फुटायला लागला (मोठ्या गाठीत रक्त जास्त फिरल्याने हृदयावर ताण येतो, ४ सेंटीमीटरला सहसा नाही येत), तर त्याच दिवशी जिथे मुलांचे सर्जन आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) दोन्ही आहे अशा ठिकाणी जा. एरवी महिन्याने एकदा दाखवत राहा, चपटी व्हायला लागली की अंतर वाढवू. गावाकडे असाल आणि खर्चाचा प्रश्न असेल तर आरबीएसकेच्या (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) टीमला किंवा आशाताईंना सांगा, त्या जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची सोय करतात, आणि मुंबईला येणं जमत असेल तर परळचं वाडिया मुलांचंच हॉस्पिटल आहे.

दीड महिन्याच्या लसींबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. द्यायच्या, वेळेवर, गाठीमुळे एकही पुढे ढकलायची नाही. मांडीतलं इंजेक्शन गाठ नसलेल्या डाव्या मांडीत घ्या, आणि टोचणाऱ्या सिस्टरना आधीच उजवी मांडी उघडून दाखवा. फक्त त्याआधी तो प्लेटलेटचा रिपोर्ट हातात असू द्या, आकडा फारच खाली असेल तर स्नायूतलं इंजेक्शन कधी द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील.